सरकारमान्य ऐंशी किलो

एकोणीसशे त्रेसष्ट साली माझा नवरा सरकारमान्य वजन होता.

हे वाक्य मी पुष्कळांना सांगून पाहिलंय. ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या वयाकडे बघून गप्प बसतो. पण मी म्हणतेय ते अगदी तसंच होतं. दुकानात लोखंडाची वजनं असतात, पाचाची, दहाची, विसाची, खाली शिशाचं सील ठोकलेली, तसंच हे एक. फरक इतकाच, की हे वजन स्वतःच्या पायांनी चालत यायचं, काम झालं की चालत घरी जायचं, आणि त्याचं माझ्याशी लग्न झालेलं होतं.

आमच्या घरचा धंदा काटे बनवण्याचा. खाली कारखाना, वर घर. काटे म्हणजे मोठे, पोतं ठेवायचे किंवा माणसाने उभं राहायचे: पायाशी लोखंडी फळी, मागे खांब, खांबावर घड्याळासारखी तबकडी आणि तबकडीत सुई. बेकरीत, गोदामात, पोस्टात, दवाखान्यात, गावात जिथे म्हणून सुई हलायची तिथे ती आमची होती. नवा काटा बसवला की तो बरोबर दाखवतो का हे बघायला खरी वजनं लागतात. सासऱ्यांच्या तरुणपणी ती हातगाडीवरून न्यायचे. एकदा पुलाच्या उतारावर गाडी हातची सुटली आणि सगळी वजनं नदीत गेली. विसाचं एक तेवढं कठड्याला अडकून राहिलं. पलीकडे गिऱ्हाईक खोळंबलेलं. तेव्हा सासरे स्वतः काट्यावर चढले आणि म्हणाले, मी ऐंशी किलोचा आहे, सुई ऐंशीवर आणा. मागचा स्क्रू फिरवून सुई ऐंशीवर आणली, गिऱ्हाईक खूश, काम संपलं.

त्यानंतर आमच्या कारखान्यातून हातगाडी कधी निघाली नाही. सासरेच निघायचे. वजनमाप खात्याचे तपासनीस दर दोन वर्षांनी यायचे, सासऱ्यांना सरकारी लोखंडासमोर तोलायचे, ते काटेकोर ऐंशी भरायचे, आणि मग तपासनीस त्यांच्या गळ्यात दोरा घालून त्याला शिशाचं सील चिमट्याने दाबून बसवायचे. ते सील आंघोळीलाही काढायचं नाही. सील तुटलं की वजन बाद. सासरे जन्मभर ऐंशीचे राहिले. खाण्यापिण्याला त्यांचा हात सढळ होता. बेकरीवाल्याने नुसती हाक मारली तरी ते अर्धा केक उभ्याउभ्या संपवून यायचे. आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर ऐंशी. लोक म्हणायचे, पोट नाही ते, यंत्र आहे.

सासरे एकसष्ट साली गेले आणि ते पद आमच्या ह्यांच्याकडे आलं. हे तेव्हा ऐंशीच्या आसपास होते, थोडे खालीच. तपासनीस येईपर्यंत लोणी-पाव खाऊन भरून काढलं, ऐंशी भरले, गळ्यात सील पडलं. त्या दिवशी ते जिना चढून वर आले तेव्हा त्यांनी मला सील दाखवलं नाही, सदऱ्याच्या आत ठेवलं आणि वरून हात दाबून धरला. बाप होता तसा मी झालो, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला फार कौतुक वाटलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते कुठे माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोलून खायला सुरुवात केली. दोन उकडलेले बटाटे, साल काढून. एक अंडं, टरफलाशिवाय. मापाने दूध, मापाने पाणी. सोनाराकडचा एक नाजूक तराजू दुरुस्तीला आलेला होता, तो सोनार न्यायला आलाच नाही, तो ह्यांनी जेवणासाठी ठेवून घेतला. तराजू जागचा हलवायचा नाही, म्हणून हे खाली कारखान्यात बाकावर जेवायचे आणि आम्ही वर. वर म्हणजे मी, सासूबाई, ह्यांची मोठी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आणि आमची चार वर्षांची मुलगी. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. बापाला जेवताना पाहिल्याचं भिंगरीला आठवतच नव्हतं. शेजारणीला तिने एकदा सांगितलं की आमच्या बाबांना तोंड आहे, पण ते फक्त बोलायचं आहे.

केस कापले की हे केस पुडीत बांधून आणायचे आणि खिशात ठेवायचे. नखांचीही पुडी. शिंक आली की मागोमाग एक घोट पाणी. भिंगरीने जॅमच्या तोंडाने पापा घेतला तर गाल पुसून टाकायचे, जॅम आपल्या हिशेबात नाही म्हणून. हे सगळं मी सहन केलं, कारण माणूस वाईट नव्हता. संध्याकाळी मी वरून हाक मारायची, अहो, गरम आहे, या दोन घास खायला. खालून उत्तर यायचं, झालं माझं. एकाच घरात दोन मजल्यांवर जेवणारं जोडपं आम्हीच असू. मला त्या सीलाचं काही पडलेलं नव्हतं. मला समोर बसून जेवणारा माणूस हवा होता.

खरी गंमत मात्र घरच्या काट्यात होती. तो जिन्याच्या पायथ्याशी उभा असे. दर शनिवारी सकाळी तो लावून घ्यायचा, ही सासऱ्यांपासूनची शिस्त. लावून घ्यायचा म्हणजे हे त्यावर उभे राहायचे आणि वन्सं मागचा स्क्रू फिरवून सुई ऐंशीवर आणायच्या. आता ह्यांच्या डोक्यात आलं की पोटात अन्न असताना उभं राहणं म्हणजे वजनात भेसळ. म्हणून शुक्रवारी दुपारपासून उपाशी. शनिवारी रिकाम्या पोटी उभे राहिले की सुई ऐंशीच्या जराशी अलीकडे थांबायची. वन्सं ती ऐंशीवर आणायच्या. चूक सुईचीच असणार, कारण सील ह्यांना होतं, सुईला नव्हतं. रविवारी हे दोन बटाटे खाऊन सहज काट्यावर चढायचे, तर सुई ऐंशीच्या पुढे. झालं, पाचावर धारण बसायची. सोमवारपासून बटाटा दीड. पुढच्या शनिवारी पुन्हा उपाशी, पुन्हा स्क्रू, पुन्हा ऐंशी. पुढच्या सोमवारपासून बटाटा एक.

आज हे सांगताना तुमच्या लक्षात आलंच असेल. हे दर आठवड्याला थोडे झिजत होते आणि काटा दर आठवड्याला त्या झिजलेल्या माणसाला ऐंशी म्हणायला शिकत होता. पण घरात तीन मोठी माणसं, दोन पिढ्यांचा काट्यांचा धंदा, आणि एकालाही ते दिसलं नाही. काट्यावर अविश्वास दाखवणं आमच्या घरात बसतच नव्हतं. डोळ्यांवर दाखवलेला चालायचा.

आणि डोळ्यांना तर सगळं दिसत होतं. विजार ढिली झाली, तर दोष परटाला. अंगठी बटाट्याच्या पाण्यात पडली, तर दोष सोनाराला. ह्यांच्या खुर्चीने करकरणं सोडलं तेव्हा हे म्हणाले, लाकूड मुरलं. सील आधी छातीवर असायचं ते पोटाशी आलं. वाऱ्याच्या दिवशी पुलावरून जाताना हे कठडा धरून चालतात असं बेकरीवाल्याने मला येऊन सांगितलं. मी ह्यांना म्हटलं, अहो, तुम्ही वाळलात. ह्यांनी मला हाताला धरून काट्यापाशी नेलं, वर चढले, सुईकडे बोट दाखवलं. ऐंशी. यावर बोलायचं काय?

उलट आम्हीच जाड झालो होतो. मी चढले तर सुई मागच्या महिन्यापेक्षा पुढे. सासूबाई पुढे. वन्सं तर बऱ्याच पुढे. वन्सं जिभेच्या तिखट, पण मनाला लावून घेणाऱ्या. त्यांनी लोणी सोडलं, मग पाव सोडला, आणि सुई तरी पुढेच. "श्वासाने वाढतंय वाटतं माझं," त्या म्हणायच्या. हे महिन्यातून एकदा गावभर फिरून सगळे काटे लावून यायचे, त्यामुळे गावही जाड होत चाललं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आलेल्या प्रत्येकाला काट्यावर उभं करून पातळ सूप लिहून द्यायला सुरुवात केली. पाय मुरगळून आला, सूप. दात दुखतोय, सूप. बेकरीत किलोचा पाव हाताला पाऊण किलोचा वाटायचा, पण सुई म्हणायची किलो, त्यामुळे भांडायची सोय नव्हती. पोस्टात पाकिटं महाग पडायला लागली तशी लोक पत्रात कमी लिहायला लागले. सगळं गाव अर्धपोटी आणि चिडचिडं झालं, आणि जो तो आपल्या पोटाला दोष देत होता.

एकदा दुपारी कारखान्यात कोणी नव्हतं. तिथे आढ्याला जुना मोठा तराजू टांगलेला होता, दोन पारड्यांचा, पोती तोलायचा. त्याला सुई नाही, आकडा नाही; जड ते खाली, हलकं ते वर, संपलं. मी एका पारड्यात जाऊन बसले आणि ह्यांना म्हटलं, बसा समोर. ह्यांना वाटलं बायको लाडात आलीय. हसत हसत बसले. मी खाली होते तशीच राहिले आणि हे वर गेले. चांगले हातभर वर. मी लहान चणीची बाई, लग्नाच्या फोटोत ह्यांच्या खांद्याशी येते. हे वरून माझ्याकडे बघत होते, पाय लोंबकळत होते, सील पारड्याच्या कडेवर टणटणत होतं.

"बघितलंत?" मी म्हटलं.

 हे अगदी हळुवारपणे, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "एवढी ऐंशीच्या वर गेलीस आणि मला कळलंही नाही. माझ्या खाण्याच्या नादात तुझ्याकडे दुर्लक्ष झालं."

त्या संध्याकाळपासून माझ्या ताटातला एक बटाटा कमी करण्यात आला.

मी हट्ट सोडला नाही. नदीतून वाचलेलं ते विसाचं लोखंड आम्ही कारखान्याच्या दाराला टेकण म्हणून लावत असू. ते मी ओढत ओढत काट्यापाशी नेलं आणि ह्यांच्यादेखत वर ठेवलं. सुई पंचविसाच्या पुढे गेली. आता मात्र काहीतरी पेटेल असं मला वाटलं. हे वाकले, लोखंडावरून हात फिरवला, वन्संना हाक मारली. दोघं भावंडं त्या वजनाभोवती बसून कुजबुजत राहिली. निर्णय असा झाला की लोखंडानेही अंग धरलंय. दाराशी राहून ओल प्यायलंय. वन्संनी ते गच्चीवर नेऊन उन्हात ठेवलं, सकाळी एका अंगावर, दुपारी दुसऱ्या अंगावर, आणि आठवड्याने पुन्हा तोललं तर सुई आणखी थोडी पुढे. वन्सं म्हणाल्या, याचंही माझ्यासारखंच आहे.

सासूबाई या सगळ्यात कुठेच नव्हत्या. त्या भल्या आणि त्यांचं दूध भलं. आमच्याकडे एक मांजर होती, दुधावर टपलेली, म्हणून सासूबाई पातेल्यावर झाकण आणि झाकणावर सासऱ्यांचं जुनं जाकीट घडी करून ठेवायच्या. मांजर पातेल्याभोवती फेऱ्या मारून निघून जायची. कापडी जाकिटाने मांजर कशी अडते, असा प्रश्न आमच्यापैकी कोणाला पडला नाही. तसंच मागच्या अंगणात वाळूची चार पोती भिंतीला लावून ठेवलेली होती. त्यांच्यावर बसून मी मटार सोलायची आणि भिंगरी त्यांच्यावरून उड्या मारायची. ती तिथे का आहेत, हेही कोणी विचारलं नाही.

मग दोन वर्षं पुरी झाली आणि तपासनीस यायचा दिवस ठरला. हे आनंदात होते. खात्री म्हणून त्यांनी बटाटाही बंद केला आणि नुसत्या दुधावर राहिले. त्या आठवड्यात ते जिना चढताना मधल्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, जरा थांबतो, पाय आधी पोचतील, मी मागून येतो. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचा हात हातात घेतला तर भिंगरीचा हात धरल्यासारखं वाटलं. सील गेलं तरी चालेल, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "सील गेलं तर मी कोण?"  माझा नवरा, असं म्हणायचं होतं, पण तो तर खालच्या मजल्यावर जेवतो, हेही मनात आलं.

तपासनीस साहेब गाडी घेऊन आले. उंच, कोरडे गृहस्थ. चहा विचारला तरी आधी नियमात बसतो का ते आठवायचे. ते आमच्या काट्याकडे वळलेच नाहीत. त्यांचा भरवसा मोठ्या तराजूवर. एका पारड्यात त्यांनी सरकारी लोखंडाचे विसाचे चार ठोकळे ठेवले आणि ह्यांना दुसऱ्यात बसायला सांगितलं. लोखंडाचं पारडं धाडकन खाली आलं आणि हे असे वर गेले की त्यांची टोपी आढ्याला लागून तिथेच एका खिळ्याला अडकली. पुढे कित्येक दिवस ती कोणी काढली नाही.

साहेबांनी एक ठोकळा काढला. हे जेमतेम खाली आले. मग एक लहान वजन ठेवलं, पारडी समोरासमोर आली. एकसष्ट.

"लोखंडाने ओल धरलीय साहेब," हे वरच्या वर म्हणाले.

"सरकारी लोखंड ओल धरत नाही," साहेब म्हणाले. मग त्यांनी ते चारही ठोकळे आमच्या घरच्या काट्यावर ठेवलं आणि सुई शंभराच्या पार गेलेली पाहिली. त्यांनी विचारलं, हा काटा कोण लावतं? वन्सं म्हणाल्या, मी. कशाने? वन्संनी भावाकडे बोट दाखवलं. आणि यांना कोण तोलतं? वन्सं म्हणाल्या, तोच काटा. आणि बोट तसंच हवेत राहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते.  त्यांनी तडक जिन्याखालच्या फडताळातून पावाचा तुकडा काढला आणि तिथेच उभ्या उभ्या खायला सुरुवात केली. वर्षभराचा पाव राहिला होता त्यांचा.

हे मात्र पारड्यातच बसून होते. साहेबांनी चिमटा काढला आणि दोऱ्याला लावला. चाळीस वर्षांचं काम आहे, याचं मला वाईट वाटतं, असं ते म्हणाले, आणि वाटतही असावं, कारण त्यांनी चिमटा दोनदा खाली घेतला. हे त्यांना थांबवत नव्हते. मान पुढे केली होती. मी दोन वर्षं त्या सीलाला शिव्या घातल्या होत्या, आणि आता ते जाणार तर मला तो दोरा धरून ठेवावासा वाटत होता. सील गेलं की हे जेवतील, असं मला वाटायचं. त्यांचा चेहरा पाहिल्यावर कळलं की सील गेलं तर हे अजिबातच जेवणार नाहीत.

तेवढ्यात सासूबाई जिना उतरून आल्या, साहेब दूध घेणार का विचारायला. मुलगा पारड्यात, सुनेच्या डोळ्यांत पाणी, लेकीच्या तोंडात पाव. त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, वजन कमी भरलं.

"मग जाकीट घाल की," सासूबाई म्हणाल्या.

 कुठलं जाकीट, असं ह्यांनी विचारलं.

"यांचं. दुधावरचं."

त्या वर गेल्या आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पाय टेकत टेकत ते जाकीट घेऊन आल्या. साहेबांनी मदतीला हात पुढे केला आणि साहेबांचाच खांदा खाली गेला. जाकिटाला आतून खिसेच खिसे, सासूबाईंच्या हाताच्या बारीक टाक्यांचे, आणि प्रत्येक खिशात पितळेच्या चकत्या. सासूबाईंनी सगळं असं सांगितलं जसं काही कालच्या भाजीबद्दल बोलतायत. सासरे रोज सकाळी अंगणातल्या वाळूच्या पोत्यांशी तोलून बघायचे. ती चार पोती एकेक करून त्या विसाच्या लोखंडाशी बरोबर केलेली होती. कमी भरलं तर त्या चकत्या घालायच्या, जास्त भरलं तर काढायच्या. लग्नात जेवून आले की चार काढायच्या, ताप येऊन गेला की सहा घालायच्या. मुळात स्वतःला त्यांनी सत्तर किलोच्या वर जाऊच दिलं नव्हतं, म्हणजे चकत्यांना जागा राहायची. बाकी खायचे हवं ते.

"बाबा ऐंशीचे नव्हते?" ह्यांनी विचारलं.

"कोण असतं रे रोज ऐंशीचं?"

"मग आई, मला सांगितलं का नाहीस? दोन वर्षं मी बटाटा तोलून खातोय."

"मला वाटलं तुझी हौस आहे," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी जाकीट घातलं. सासूबाईंनी गुंडी लावली, फडताळातून आणखी चकत्या आणून खिसे भरले, आणि पारडी समोरासमोर आली. ऐंशी. फक्त हे पारड्यातून बाहेर पाय ठेवायला गेले आणि गुडघ्यांतून खाली बसले. उठता येईना. साहेबांनी नियम आठवायला डोळे मिटले. मग म्हणाले, "वजन ऐंशी असावं, बदलू नये, सील असावं. कशाचं असावं ते लिहिलेलं नाही. बसून भरलं तरी चालेल." त्यांनी गळ्यातलं सील कापलं आणि नवं सील जाकिटाच्या वरच्या काजाला बसवलं. माणूस अधिक जाकीट, मिळून ऐंशी. जाता जाता ह्यांना म्हणाले, आणखी हलके झालात तर जाकीटच तुम्हाला घालून फिरेल.

पण ते लगेच गेले नाहीत, कारण मी सगळ्यांना जेवायला वर बोलावलं. ह्यांना साहेब आणि वन्सं दोन्हीकडून धरून घेऊन आले. दोन वर्षांनी हे आमच्या टेबलाशी बसले. मी पाव, लोणी, अंडी, बटाटे, सूप, सगळं मध्ये ठेवलं. भिंगरी आपला घास तसाच धरून बापाच्या तोंडाकडे टक लावून बसली.

ह्यांनी टेबलावर इकडे तिकडे पाहिलं. तराजू शोधत होते. मग मला विचारलं, "किती घेऊ?"

मी म्हटलं, लागेल तेवढं. लागेल तेवढं म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं, आणि खरंच विचारलं. टेबलाशी सगळा काटेवाल्यांचा गोतावळा आणि वर सरकारी तपासनीस, पण एकाला त्याचा आकडा सांगता येईना. साहेबांनी तर सवयीने चिमटाच बाहेर काढला.

शेवटी वन्सं म्हणाल्या, "खायला लाग. नको वाटलं की थांब. पुन्हा वाटलं की पुन्हा खा."

"आणि जास्त झालं तर?"

"चकती काढू."

"कमी झालं तर?"

"चकती घालू. आता खा बाबा, लोणी वितळतंय."

ह्यांनी पावाला लोणी लावलं.  एक घास खाल्ला आणि कोणी ओरडतंय का म्हणून थांबले. कोणी ओरडलं नाही. दुसरा घास खाल्ला. मग तो पाव संपला, अंडं संपलं, अर्धं सूप संपलं, आणि मध्येच हे चमचा ठेवून पोटावर हात लावून बसले, दारावर कोणी टकटक केल्यासारखे. नको वाटतंय, असं म्हणाले. पण ताटात अर्धा बटाटा उरला होता. त्या अर्ध्या बटाट्याकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं की शेवटी भिंगरीने तो उचलून खाल्ला आणि ओरडली, बाबांना तोंड आहे.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात एक दिवस ह्यांनी नुसता जॅमच खाल्ला आणि दुसरा दिवस झोपून काढला. एकदा भूक लागली की नाही हे कळेना म्हणून तासभर जिन्यात बसून राहिले. कधी बेकरीत केक खाऊन यायचे आणि चोरट्यासारखे सासूबाईंपुढे उभे राहायचे. त्या काही न बोलता एक चकती काढायच्या. पण जेवायचं तितकं ओझं कमी, हे खांद्यांना पटकन कळलं. सोनाराचा तराजू सोनाराला परत गेला. गावातले काटे आम्ही नव्याने लावले आणि एका दुपारीत सगळं गाव बारीक झालं. डॉक्टरांनी ते श्रेय सूपाला दिलं आणि पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत राहिले. गच्चीवरचं लोखंड खाली आणून वन्संनी पुसलं आणि पुन्हा दाराला लावलं. त्याची काही चूक नव्हती.

सासूबाई त्यानंतर आठेक वर्षांनी गेल्या. जाकीट कामावर गेल्यामुळे दुधावर ठेवायला काही उरलं नव्हतं आणि मांजर मात्र खरोखर लठ्ठ झाली; सासूबाईंनी शेवटपर्यंत तिला चकत्या काढायची सोय नाही म्हणून हळहळ केली. वन्संनी कारखाना हाती घेतला, शनिवारचा स्क्रू बंद केला, आणि स्वतः पुन्हा काट्यावर कधी चढल्या नाहीत. लोणी त्या बोटाने खायच्या. म्हाताऱ्या होऊन, भांडत भांडत गेल्या. तपासनीस साहेब बदली होऊन लांब गेले. दर वर्षी त्यांचं कार्ड यायचं: जाकीट कसं आहे? ह्यांची विचारपूस नियमात बसत नसावी. भिंगरी दातांची डॉक्टर झाली. तोंडाबद्दलची तिची ओढ जुनीच.

हे सहासष्टच्या सुमारास जाकीट रिकामं करून ऐंशीला पोचले, आणि पुढच्या वर्षी ब्याऐंशीला. त्या सकाळी ते हळूच वर येऊन मला म्हणाले, आता काय काढायचं? काढण्यासारखं काही नव्हतं. म्हणून जाकीट मी घातलं. लहान चणीची असल्यामुळे मला पुष्कळ चकत्या लागायच्या, पण मी बसून भरायची. आकड्यांचे, विजेवर चालणारे काटे येईपर्यंत गावातलं वजन मीच होते. मग कारखाना बंद झाला. हे त्यानंतर बरीच वर्षं जगले, कधी पंचाऐंशी, कधी अठ्ठ्याहत्तर, रोज माझ्यासमोर बसून. शेवटच्या दिवसांत अर्धा केक ठेवून नको म्हणाले. मी उरलेला खाल्ला.

जाकीट आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, दुधाच्या पातेल्यावर. मांजर नाही. सील अजून शाबूत आहे. परवा भिंगरीने मला तिच्या दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं. त्याला सुई नाही, लाल आकडे येतात. किती आले ते मी पाहिलं नाही, जेवायची वेळ झाली होती.